आठ तारांचा पुठ्ठा

दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची मला वाईट खोड आहे. समोरचा माणूस शब्द शोधत थांबला की मला राहवत नाही. मी माझाच शब्द त्याच्या तोंडात कोंबते आणि पुढे निघते. ऑफिसात याला हुशारी म्हणतात, घरी आई आगाऊपणा म्हणायची. "जरा दम धर गं, माझं मला बोलू दे," हे तिचं रोजचं वाक्य. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडक्यात वाचला आणि बोलणं बंद झालं. मग मला दम धरायला सांगणारंही घरात कुणी राहिलं नाही.

मुलुंड पूर्वेच्या त्या घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. आईला समजत सगळं होतं. दुधाखालचा गॅस मोठा राहिला की ती डाव्या हाताने खुणा करायची, कामवाल्या मावशींनी कोपरा सोडला की भुवया वर जायच्या. पण शब्द म्हणून यायचा नाही. तोंड उघडायचं, ओठ जुळायचे आणि "हां… हां…" एवढंच बाहेर पडायचं. मग ती स्वतःवरच चिडून मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, पण सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, सराव करून घ्या.

सराव करून घ्यायला एक स्पीच थेरपिस्ट मिळाल्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. त्या वाकोल्याला राहायच्या. वाकोल्याहून मुलुंडला येऊन परत जायचं म्हणजे त्यांचा अर्धा दिवस जाणार, म्हणून आठवड्यातून एकदा त्या घरी यायच्या आणि तीनदा दुपारी चार वाजता व्हिडिओवर भेटायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही आईंना शब्द सांगायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्या अडकल्या की मनात दहापर्यंत मोजायचं. दहा झाले तरी नाहीच आला, तर फक्त पहिलं अक्षर द्यायचं."

मी तीनच्या पुढे कधी गेले नाही. खोटं कशाला बोलू?

व्हिडिओची पंचाईत अशी होती की आमचा इंटरनेटचा डबा हॉलमध्ये, दाराशी, आणि आई मागच्या खोलीत. मधे बाथरूम, जाड भिंती आणि आईचं लोखंडी कपाट. मागच्या खोलीत वायफाय पोचायचंच नाही, मोबाइलची रेंजही एक काडी. आईला चार वाजता हॉलमध्ये आणून बसवावं तर मजल्यावरचं कुणी ना कुणी डोकावायचं. "काय काकी, बोला बघू काहीतरी!" असं लहान मुलाला म्हणावं तसं म्हणायचं. माणसं वाईट नव्हती, पण आई तोंड घट्ट मिटून घ्यायची. मागच्या खोलीत, दार लोटून, तिची ती असली तरच ती प्रयत्न करायची.

"वायर टाकूया," बाबा म्हणाले.

बाबा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. रस्ता खोदून काढलेल्या खड्ड्यात उकिडवं बसून, शेकडो तारांच्या जाड केबलची तुटलेली टोकं एकेक तार ओळखून जोडायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या केबलीत तारा दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या असतात. प्रत्येक जोडीला रंग ठरलेला आणि रंगांना क्रम ठरलेला. ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राउन आणि शेवटी स्लेट, म्हणजे पाटीसारखा करडा. काम करताना बाबा हा क्रम तोंडाने पुटपुटत राहायचे. घरी भाजी निवडतानासुद्धा पुटपुटायचे. मला पाढ्यांच्या आधी तो पाठ झाला.

ते घरी तारांचे तुकडे आणायचे. आमच्या घरात सुतळी कधी नव्हती, पुडीचं तोंड बांधायला टेलिफोनची तार. त्यात आईचा स्वतःचा कायदा होता. मालवणी मसाल्याला निळी, तिरफळांना हिरवी, कोकमांना नारिंगी. बरण्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या, तारेवरून ओळखायचं. बाबा रंग इंग्रजीत म्हणायचे, आई मराठीत. "निळी आण गं," ती स्वयंपाकघरातून ओरडायची आणि मी तारांच्या डब्याकडे पळायचे. आणायला उशीर झाला की मलाच चार शब्द ऐकवायची.

तर बाबांनी वीस मीटर लॅन केबल आणली, टोकाला लावायचे पारदर्शक प्लग आणले, ते दाबून बसवायचं हत्यार आणलं आणि आठ दिव्यांचा एक टेस्टरही आणला. माळ्यावरून त्यांची जुनी खाकी पिशवी खाली आली. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकायची वाट बघत असलेला, तरी स्टूलावर चढून त्यांनी हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत चौकटींच्या कडेने अशी सरळ केबल मारली की भिंतीला रेघ ओढल्यासारखी वाटावी. मी स्टूल धरून उभी होते आणि सारख्या सूचना देत होते. त्या त्यांनी ऐकल्या नाहीत.

मग ते आईच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि चाकूने केबलचं वरचं आवरण सोललं. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. निळी आणि तिची पांढरी, जिच्यावर निळी रेघ असते, ती. तशीच नारिंगी आणि तिची, हिरवी आणि तिची, तपकिरी आणि तिची. ओळखीची माणसं भेटावीत तसा बाबांचा चेहरा खुलला. जोड्या सोडवता सोडवता सवयीने पुटपुटले, "ब्लू, ऑरेंज…"

"ग्रीन," आई म्हणाली. "ब्राउन. स्लेट."

स्पष्ट. बोबडं नाही, अर्धवट नाही.

बाबांच्या हातातला चाकू खाली पडला. ते आणि आई एकमेकांशी मालवणीतच बोलायचे. ते म्हणाले, "स्लेट नाय गो ह्याच्यात. चारच आसत." आणि मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत बसले. मी मात्र नाचायची बाकी होते. आम्ही तिच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं. तिन्ही वेळा आलं. आणि तिने म्हटलं त्याच क्रमाने बाबांनी तारा ओळीत लावल्या, निळीची जोडी, शेजारी नारिंगीची, मग हिरवीची, मग तपकिरीची. दोन्ही टोकांना तस्संच. टेस्टर जोडला तर एकपासून आठपर्यंत दिवे एकामागून एक लागत गेले. "झकास," मी म्हणाले. बाबा म्हणाले, "तिने सांगितल्याप्रमाणे लावलंय."

मॅडमना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनाही आनंद झाला, पण त्यांनी लगेच मला जमिनीवर आणलं. "आकडे, वार, आरत्या, असं पाठ झालेलं आपोआप बाहेर पडतं," त्या म्हणाल्या. "पहिला शब्द मिळाला की बाकीचे मागून येतात. ही चांगलीच खूण आहे. पण आपल्याला हवा तो शब्द, आपण ठरवून, पाठांतराच्या बाहेर काढणं हे वेगळं. तसा एक शब्द आला की मला सांगा. एकच पुरे. मग पुढची वाट आहे."

मी बाबांना हे सांगितलं नाही. ते दोन दिवस शीळ घालत होते.

केबल लागली, लॅपटॉपवर खूण आली, मॅडमचा चेहरा मागच्या खोलीत उगवला. आणि दहा मिनिटांत थिजला. परत आला, परत थिजला. आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. पहिल्या दिवशी वाटलं, असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मॅडमनी पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवलं. आई जोर लावत होती. कपाळावरची शीर दिसत होती. "पा…" असं आलं. "पा…" आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. मॅडमचा चेहरा भुवया आक्रसलेल्या अवस्थेत अडकून पडला, रागावल्यासारखा. आई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी ओरडले, "आई, नेट गेलंय, त्यांना ऐकू आलं नाही," पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुढच्या वेळी मॅडम आल्या तेव्हा तिने तोंडच उघडलं नाही. चित्रं बघितली, मान हलवली आणि भिंतीकडे वळली.

मला धडकीच भरली. ही आता प्रयत्नच सोडणार, असं वाटलं. लॅपटॉप हॉलमध्ये नेऊन डब्याला छोट्या तयार केबलने जोडला तर चित्र पाण्यासारखं वाहत होतं. बाबांच्या केबलवर आणला की अडखळायचं. म्हणजे दोष केबलमध्येच होता.

आणि मी ते जसं बोलायला नको होतं तसंच बोलले. आईच्या पलंगाशी उभं राहून म्हणाले, "बाबा, तुमच्या वायरीमुळे आईचं नुकसान होतंय. चुकलीय ती. मी उद्या माणूस बोलावते."

बाबा टेस्टर घेऊन आले. एक, दोन, तीन, आठही दिवे. "बघ," ते म्हणाले. "कुठे चुकलीय? तिने सांगितलेल्या क्रमाने लावलीय मी."

"तिने सांगितला नाहीये क्रम! तिला तेवढंच येतं म्हणून ती तेवढंच बोलते!"

खोलीत आई होती. जागी होती, ऐकत होती. तिने डोळे मिटून घेतले. बाबांनी टेस्टरचे दोन्ही तुकडे पिशवीत ठेवले, पिशवीची दोरी ओढली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी अंधेरीला ऑफिसात गेले तरी डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्याकडे नेटवर्क सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे. त्यांना मी मोबाइलवर प्लगचा फोटो दाखवला. प्लग पारदर्शक असल्यामुळे आतले रंग दिसत होते. त्यांनी फोटो मोठा केला आणि हसले.

"हे कोणी केलंय? टेलिफोनवाले आहेत का कोणी घरात?"

"वडील."

"वाटलंच. हात किती साफ आहे बघा. फक्त क्रम टेलिफोनचा आहे."

मग त्यांनी कागदावर आठ रेघा ओढून मला समजावलं. तारा दोन-दोन पिळलेल्या असतात, कारण त्या पिळामुळे एका जोडीतलं बोलणं दुसरीत झिरपत नाही. प्लगमध्ये आठ घरं. आपल्याला वाटतं, एक-दोन ही जोडी, तीन-चार ही जोडी, असं सरळ असेल. पण यंत्र तसं धरत नाही. ते एक आणि दोनला जोडी मानतं, चार आणि पाचला मानतं, सात आणि आठला मानतं. राहिले तीन आणि सहा, ती एक जोडी, लांब लांब बसलेली. बाबांनी तीनमध्ये नारिंगीची पांढरी घातली होती आणि सहामध्ये हिरवी. दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारा एकत्र कामाला लावल्या गेल्या. टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचते का ते सांगतो. कोण कोणाबरोबर पिळलेली आहे ते त्याला कळत नाही. म्हणून दिवे सगळे लागतात आणि चित्र अडखळतं.

"जगात दोन क्रम चालतात," ते म्हणाले. "एकाला ए म्हणतात, दुसऱ्याला बी. फरक एवढाच की हिरव्या आणि नारिंगी जोडीने जागा बदललेल्या असतात. कुठलाही घ्या, पण घरात एकच ठेवा, दोन्ही टोकांना तोच. आपल्याकडे बहुतेक बी असतो." आणि त्यांनी बी लिहून दिला. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

"पण हे असं वेडंवाकडं का?" मी विचारलं. "हिरवीच्या जोडीत निळी कशाला घुसवली?"

"घुसवली नाही. निळी आधीपासून तिथे होती," ते म्हणाले. "टेलिफोनच्या प्लगमध्ये मधल्या दोन तारांवर बोलणं चालायचं. ती मधली जागा टेलिफोनसाठी राखून ठेवली आणि बाकीच्यांना तिच्या आजूबाजूला बसवलं. वडिलांना सांगा, त्यांच्या खात्याचा मान राखलाय."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. येताना मेट्रोतून साकीनाक्याला उतरले, नवे प्लग घेतले. घाटकोपरपर्यंत आणि तिथून मुलुंडपर्यंत मी हे बाबांना कसं सांगायचं याची तालीम करत होते. कारण यातली एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीतल्या तारेशी लावणं याला बाबांच्या खात्यात स्प्लिट पेअर म्हणतात. जॉइंटरच्या हातून याहून लाजिरवाणी चूक नाही. एका घरचं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू जायचं त्यामुळे. कुणाच्या हातून अशी चूक झाली तर बाबा जेवताना आईला सांगायचे, आणि आवाज खाली घेऊन सांगायचे.

घरी आल्यावर मी आधी आईकडे गेले. "आई, काल मी वाटेल ते बोलले. चुकले," म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि "हां" म्हणाली. तिच्याकडे एकच शब्द होता, पण त्याचे सूर बरेच होते. हा सूर पुरे झालं आता, चहा टाक, असा होता. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर स्केचपेनने आठ जाड पट्टे रंगवले, बी क्रमाने. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, पट्टे दिसतील, एवढाच विचार.

बाबा गॅलरीतच होते. मी कप दिला आणि पुठ्ठा कठड्यावर ठेवला. आठ घरं सांगितली, कुठलं घर कुणाशी बोलतं ते सांगितलं. तीन आणि सहा सांगितलं. तो शब्द मी मुद्दाम टाळला. त्यांनी पुठ्ठा जवळ ओढला. बोट तीनवर टेकवलं, मग सहावर.

"म्हणजे स्प्लिट पेअर झाली," ते म्हणाले. "मी केली."

"तुम्ही जोड्या शेजारी शेजारीच लावल्यात, बाबा. ते घरच तसं विचित्र आहे."

"आख्ख्या नोकरीत एक नाही केली. आणि केली ती हिच्या वायरीत."

मी तेव्हा घाईघाईने निळीचं सांगितलं. मधली दोन घरं टेलिफोनची, ती राखून ठेवली म्हणून बाकीच्यांना सरकावं लागलं, त्यांचा मान राखलाय, असं सगळं एका दमात. बाबांनी कप खाली ठेवला. आत गेले, खाकी पिशवी उपसली आणि जुन्या टेलिफोनची दोरी काढली. प्लग उजेडाकडे धरून बऱ्या डोळ्याने निरखला. मग पुठ्ठ्यावरच्या चौथ्या आणि पाचव्या पट्ट्याशेजारी तो ठेवला.

"मधली दोन आपली," ते म्हणाले.

"आपलीच."

"मग असं सांग ना. नुसतं चुकलीय चुकलीय काय करतेस?" त्यांनी टेलिफोनची दोरी गुंडाळली. मग हळू म्हणाले, "पण मग ती जे बोलली त्याचा उपयोग नाही झाला."

आता मला सगळं कळलं. केबल बदलायला त्यांची ना नव्हतीच. त्या क्रमात त्यांनी आईचे पहिले शब्द बसवले होते. ते कापून फेकायचे आणि त्या जागी ऑफिसातल्या कुणा परक्याचा क्रम घालायचा, हे त्यांना जड जात होतं.  मी कठड्यावरचा पुठ्ठा उचलून हातात धरला. शेवटी तेच उठले आणि म्हणाले, "चल. चार वाजता बाई येतील तिच्या."

तीन वाजले होते. हॉलमधलं टोक आधी केलं. मी पुठ्ठा धरून एकेक रंग मोठ्याने सांगत होते आणि बाबा तारा लावत होते. ते पटकन झालं. मग मागच्या खोलीत आलो. आई पलंगाला टेकून बसली होती. बाबा तिच्या पायाशी स्टूल ओढून बसले, जुना प्लग कापला, आवरण सोललं, जोड्या सोडवल्या. मी पुठ्ठा उचलला आणि तोंड उघडलं.

"तू नको," बाबा म्हणाले. "तो हिच्याकडे दे. ही धरेल."

"बाबा, तिला सांगता…"

"सांग म्हणतंय कोण? नुसता धरू दे. मी बघून लावतो."

आईने डाव्या हातात पुठ्ठा धरला, त्यांना दिसेल असा. बाबांनी बघितलं आणि पांढरी-नारिंगी चिमटीत घेतली. वर बघितलं, नारिंगी तिच्या शेजारी लावली. वर बघितलं, पांढरी-हिरवी. या तारा सरळ करून, बोटांत एकीला एक चिकटवून धराव्या लागतात. जरा लक्ष हललं की निसटतात. तिसरी निसटायला आली, त्यांनी ती अंगठ्याने दाबली, आणि या गडबडीत चौथ्या वेळी त्यांनी वर बघितलंच नाही. हात आपसूक गेला आणि त्यांनी हिरवी उचलली. पांढरी-हिरवीनंतर हिरवी. आयुष्यभर गेला तसाच हात गेला.

मला दिसलं. माझ्या जिभेवर आलं. बाबा, हिरवी नाही. ओठ उघडलेसुद्धा होते. पण आईकडे लक्ष गेलं आणि बघितलं की तिलाही दिसलंय. तिची नजर पुठ्ठ्यावर गेली, बाबांच्या बोटांवर आली, परत पुठ्ठ्यावर गेली. तिची हनुवटी थरथरायला लागली. मी ओठ दाताखाली दाबले आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. बाबा हिरवी ओढून सरळ करत होते. चार. आईच्या कपाळावर ती शीर आली. पाच. मला वाटलं, मीच फुटेन. सहा.

"ती नाय," आई म्हणाली.

बाबांचा हात जागच्या जागी थांबला. सात. तिने पुठ्ठा त्यांच्या मनगटावर आपटला, फाडकन.

"निळी."

त्यांच्या रंगांत हा शब्द नव्हता, ते ब्लू म्हणायचे. त्यांच्या क्रमातही ही जागा हिरवीची होती. हा शब्द मसाल्याच्या पुडीचा होता, स्वयंपाकघरातून मला मारलेल्या हाकेचा. तिने तो स्वतः शोधून, स्वतःला हवा तिथे, स्वतःच्या नवऱ्याला चूक दाखवायला काढला होता. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते, न जाणो हालचालीने काही बिघडायचं.

बाबांनी मान वर केली नाही. हिरवी चिमटीतून सोडवली, बाजूला सारली, निळी घेतली आणि पांढरी-हिरवीच्या शेजारी दाबून धरली. त्यांचा आवाज फाटला होता, पण त्यांनी तो रोजच्यासारखाच काढला.

"बरां," ते म्हणाले. "फुडली सांग."

आईने पुठ्ठा स्वतःकडे वळवला आणि पाचव्या पट्ट्यावर नजर लावली. तिचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले. बाबा चार तारा बोटांत घट्ट धरून वाट बघत बसले. मीही बसले. कितीपर्यंत मोजलं होतं ते मी विसरून गेले होते.